गटिंग : रॅकेटच्या तारेचा इतिहास आणि आपले दोन तालुके

(शिरूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बाहेर फलकावर विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, इतिहासाच्या व्याख्यानात टेनिसची रॅकेट कुठून आली? शिरूरचा इतिहास म्हटलं की घोडनदीची छावणी यावी, कर्नल वॉलेसचं थडगं यावं, दौंड म्हटलं की रेल्वे यावी. त्यांचं बरोबर आहे. हे सगळं थोडं थोडं येणार आहे. पण आज आम्ही इतिहासात शिरणार आहोत ते एका लहानशा दारातून. ते दार म्हणजे एक शब्द. गटिंग.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बॅडमिंटनची रॅकेट आहे, त्यांनी हा शब्द शंभर वेळा वापरला असेल. "गटिंग तुटलं." "गटिंग करून आणा." आपल्याकडे रॅकेटला तारा ओढण्याच्या कामाला दुसरा शब्दच नाही. आणि तरी 'गट' म्हणजे काय, असं विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतात. आम्हीही बसलो असतो. गेल्या वर्षी एक प्रसंग घडला, तेव्हा शोधायला लागलो.

आमची भाची दौंडला असते. चौदा वर्षांची आहे, टेनिस खेळते. तिच्यासाठी नवी रॅकेट मागवली. चांगल्या रॅकेटी पुष्कळदा नुसत्या फ्रेमच्या रूपात येतात, तारा आपण आपल्याला हव्या तशा ओढून घ्यायच्या असतात. खोकं उघडलं, तर आत रिकामी चौकट. पोरगी हिरमुसली. आम्ही म्हटलं, त्यात काय, गटिंग करून घेऊ. ओळखीच्या एका खेळसाहित्याच्या दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने फ्रेम हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली. म्हणाला, "काका, माझं मशीन बॅडमिंटनचं. तीस पौंडांपर्यंत ओढतं. तुमची पन्नासची. ओढ म्हणालात तर ओढून बघेन, पण फ्रेम गेली तर तुम्ही मलाच धराल." प्रामाणिक मुलगा. त्याचे आम्ही आजही आभार मानतो. भाची म्हणाली, "जाऊ दे मामा, मी जुन्याच रॅकेटने खेळते." आणि त्या जुन्या रॅकेटने तिचं कोपर दुखत होतं, म्हणून तर नवी घेतली होती.

तर प्रश्न असा, की एवढी महागाची वस्तू कारखान्यातून अर्धवट का येते? आणि ती पुरी करणारा माणूस आपल्या तालुक्यात का नाही? या दोन प्रश्नांना दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी तो शब्द. 'गट' म्हणजे आतडं. जनावराच्या आतड्यापासून केलेली दोरी. मराठीत याला आपला जुना शब्द आहे, तात. कोणी तांत म्हणतात. इथे जी ज्येष्ठ मंडळी बसली आहेत त्यांना पिंजारी आठवत असेल. दारात यायचा, खांद्यावर ते मोठं पिंजण असायचं, त्याच्या तातीवर ठोका मारला की टण् टण् असा आवाज गल्लीभर जायचा आणि कापूस फुलून यायचा. ती तात आतड्याची. सारंगीच्या मुख्य तीन तारा, त्याही आतड्याच्या. डॉक्टर मंडळी टाक्यांसाठी 'कॅटगट' वापरत आली, तेही हेच. नावात कॅट असलं तरी मांजराचा त्यात काही संबंध नाही. बहुतेक वेळा ते मेंढीचं आतडं असायचं.

हे करायचं कसं? आतडी स्वच्छ धुवायची, त्यांचा बाहेरचा पातळ पापुद्रा सोडवायचा, त्याच्या लांब पट्ट्या काढायच्या, ओल्या असतानाच अनेक पट्ट्या एकत्र पिळायच्या, ताणून वाळवायच्या आणि घासून गुळगुळीत करायच्या. या तारेची खुबी अशी, की ती ताणली तरी तिचा जीव जात नाही. चेंडू लागला की ती मागे जाते आणि घेतलेली बहुतेक शक्ती परत देते. आजही, इतके कृत्रिम धागे आले तरी, या बाबतीत आतड्याच्या तारेला तोड नाही असंच खेळाडू सांगतात.

आता सालं बघा. मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं १८७४ साली. रॅकेट, चेंडू, जाळं असं सगळं एका पेटीत घालून ते विकायचे. १८७५ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात पिएर बाबोला यांनी खास टेनिससाठी आतड्याची तार बनवली. १८७७ साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. आणि १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. मुंबईहून पुण्यावरून सोलापूरकडे जाणारा फाटा त्याआधीच, १८५८ पासून, दौंडवरून पुढे सरकत होता. इंग्रज त्याला 'धोंड' लिहायचे. म्हणजे टेनिस हा खेळ आणि दौंड हे जंक्शन, दोघांचं वय जवळजवळ एकच.

शिरूरची गोष्ट मात्र वेगळी. इथली छावणी त्याहून जुनी. पेशव्यांशी वसईचा तह झाल्यावर इंग्रजांची फौज इथे घोडनदीकाठी राहिली. कर्नल वॉलेस १८०९ मध्ये इथेच वारले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. तेव्हा लॉन टेनिस जन्माला यायचं होतं. पण इंग्रजांचे खेळ आपल्या मुलखात पसरले ते याच दोन वाटांनी, एक छावणीची आणि दुसरी रेल्वेची. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत बसवले गेले, त्या खेळाला काही काळ 'पूना' हेच नाव होतं, हे आपल्याला माहीत आहेच. पुढे जिमखाने आले. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. साहेबाच्या हातातली रॅकेट आपल्या माणसांच्या हाती आली.

पण रॅकेट इंग्लंडहून यायची. मोडली, तार तुटली, तर काय करायचं? बोटीने नवी येईपर्यंत थांबायचं? इथे सियालकोटची ती गोष्ट सांगितली जाते. तिथल्या छावणीतल्या एका गोऱ्या शिपायाची रॅकेट मोडली, त्याने ती एका स्थानिक कारागिराकडे दुरुस्तीला दिली, आणि कारागिराने ती इतकी छान करून दिली की शिपाई म्हणाला, आता मला नव्याच करून दे. गोष्ट तंतोतंत अशीच घडली की नाही, यावर आम्ही पैज लावणार नाही. पण १८८० च्या दशकापासून सियालकोटात खेळसाहित्याचा मोठा धंदा उभा राहिला, ही इतिहासातली गोष्ट आहे. आणि या कथेतलं आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपल्या उपखंडात या धंद्याची आठवण सुरू होते ती दुरुस्तीपासून, कारखान्यापासून नव्हे. १९४७ ला फाळणी झाली. सियालकोटचे अनेक कारखानदार आणि कारागीर निर्वासित होऊन जालंधरला आले, मेरठला आले. आज आपल्या मुलांच्या हातात जे देशी खेळसाहित्य असतं, त्यातल्या पुष्कळशा वस्तूंचा माग काढत गेलो तर आपण त्या निर्वासितांच्या हातांपर्यंत पोहोचतो.

त्या काळात गटिंग कसं व्हायचं ते सांगतो. मशीन नव्हतं. एक आरी, एक लाकडी दांडका आणि हाताचा अंदाज. तार भोकातून घ्यायची, दांडक्याला गुंडाळून अंगाचा भार टाकून ओढायची, आणि ताण सुटू नये म्हणून त्या भोकात आरी खुपसून ठेवायची. मग पुढचं भोक. आधी उभ्या तारा, मग त्यांच्यातून एक वर एक खाली अशा आडव्या. विणकराचा ताणाबाणाच म्हणा ना. किंवा सुंभाची बाज. फरक एवढाच, की बाज सैल झाली तर पायथ्याची दोरी ओढून ती पुन्हा ताठ करता येते. रॅकेटची तार एकदा सैल झाली की झाली, ती कापून नवीनच घालावी लागते. ताण बरोबर आहे का हे बघायचं कसं? तार छेडायची आणि ऐकायची. पिंजारी तेच करायचा, सारंगिया तेच करतो, गटिंगवालाही तेच करायचा. तातीचा हिशेब कानाने.

आणि त्या लाकडी रॅकेटचे लाड काय विचारता! पावसाळा आला की आतड्याची तार ओल धरायची, फुगायची, तिचे पदर सुटायचे. लाकूड वाकायचं, म्हणून चार स्क्रूंच्या लाकडी शिकंज्यात, प्रेसमध्ये, रॅकेट घट्ट बंद करून ठेवायची. आमच्या एका काकांच्या घरी तो प्रेस होता. रॅकेट गेली, प्रेस राहिला, आणि पुढे त्यात काकूंनी पापड दाबले.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी 'कस्टमाइज' हा शब्द कोणी वापरत नव्हतं, पण काम होतच होतं. रॅकेटीवर वजनाचं अक्षर असायचं, हलकी, मध्यम, जड. मुठीचा घेर इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून लिहिलेला असायचा. तारा तर कोणीतरी हातानेच ओढायचा, आणि तो गिऱ्हाइकाला ओळखायचा. हा जोरात मारतो, याला कडक हवी. या बाईंचं मनगट नाजूक, यांना सैल. म्हणजे रॅकेट माणसाच्या मापाची करून घेणं हे काही आजचं फॅड नाही. सदरा शिंप्याकडून शिवून घेण्याइतकंच ते सरळ होतं.

हे बदललं कधी? तीन टप्प्यांत बदललं.

पहिला टप्पा नायलॉनचा. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या तारा आल्या. स्वस्त, पावसाला दाद न देणाऱ्या. आपल्यासारख्या देशात तर हा मोठाच आधार झाला. आतडं गेलं, गटिंग हा शब्द मात्र मागे राहिला.

दुसरा टप्पा चौकटीचा. १९६७ मध्ये विल्सन कंपनीची पोलादी टी-२००० आली, जी पुढे जिमी कॉनर्सने गाजवली. तिच्या तारा चौकटीच्या भोकांतून जात नसत, बाहेरून गुंडाळलेल्या तारेच्या कड्यांतून जात. गटिंग करणाऱ्यांना तिचा इतका वैताग, की विचारू नका. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांची मोठ्या तोंडाची प्रिन्स रॅकेट आली. लाकडी रॅकेटीचं तोंड ६५-७० चौरस इंच, हिचं ११०. मग ग्राफाइट आलं आणि १९८० च्या दशकात लाकूड मागे पडलं. तोंड मोठं झालं तशी तार लांब झाली, ताण वाढवावा लागला, आणि हाताचं काम मशीनकडे गेलं.

मशीन का लागतं तेही सांगतो, कारण त्या दुकानातल्या मुलाचं म्हणणं यातच आहे. एका रॅकेटला साधारण १२ मीटर तार लागते. उभ्या तारा ५० पौंडांनी, म्हणजे जवळजवळ २३ किलोंनी, एकेक करून ओढल्या की चौकटीची लांबी दबते आणि ती रुंदीला फाकते. आडव्या तारा ओढल्या की ती पुन्हा मूळ आकारात येते. मधल्या वेळेत, म्हणजे उभ्या झाल्या आणि आडव्या व्हायच्या आहेत तेव्हा, चौकट सगळ्यात जास्त संकटात असते. तिला सहा बाजूंनी आधार देणारं मशीन असेल तर ती सांभाळली जाते. बॅडमिंटनचं हलकं मशीन वापरलं तर ती तडकूही शकते. तो मुलगा खरं तेच बोलत होता.

तिसरा टप्पा तारेचा, आणि आमच्या भाचीच्या कोपराचा संबंध याच्याशी आहे. पण त्याआधी १९७७ ची एक गंमत ऐका. पश्चिम जर्मनीत वेर्नर फिशर नावाच्या गृहस्थांनी दुहेरी तारांची एक रॅकेट केली. उभ्या तारांचे दोन थर, आडव्यांत न विणलेले, त्यामुळे तारा सरकायच्या आणि चेंडू भोवऱ्यासारखा फिरायचा. लोक तिला 'स्पॅगेटी रॅकेट' म्हणू लागले. त्या वर्षी गिलेर्मो विलास मातीच्या कोर्टवर कोणाला हार जात नव्हता. फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सला इली नास्तासे ही रॅकेट घेऊन उतरला, विलास वैतागून सामना सोडून गेला आणि त्याची ती विजयमालिका तिथे तुटली. आंतरराष्ट्रीय संघटनेने लगेच बंदी घातली आणि १९७८ मध्ये पक्का नियम केला, तारा एकमेकींत विणलेल्याच हव्यात. तोवर टेनिसच्या नियमांत रॅकेट कशी असावी, याबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं! खेळाचा पहिला रॅकेट-कायदा झाला तो गटिंगमुळे.

फिशरांना जे हवं होतं, ते वीस वर्षांनी कायद्यात बसून आलं. १९९७ मध्ये ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन, मानांकन नसलेला, फ्रेंच ओपन जिंकला. त्याच्या रॅकेटीत बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. गुळगुळीत, ताठ. फटक्यासरशी ती सरकते आणि झटक्यात जागेवर येते, चेंडूला जबर फिरकी देते. पाहता पाहता सगळं व्यावसायिक टेनिस तिकडे वळलं.

पण ही तार दोन बाबतींत कठोर आहे. एक, ती कमी लवते, त्यामुळे फटक्याचा दणका हाताला जास्त जातो. दोन, ती तुटायच्या आधीच मरते. दहा-पंधरा तासांच्या खेळात तिचा ताण उतरतो, जीव जातो. मोठे खेळाडू सामन्यागणिक नवी तार घालतात. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची महाराष्ट्र ओपन व्हायची. अशा स्पर्धांत गटिंगवाल्यांची वेगळी खोली असते, आणि तिथली मशिनं रात्री उशिरापर्यंत चालू असतात. आपल्याकडे काय होतं? टीव्हीवर जी तार दिसते तीच पोराला हवी असते, ती घातली जाते, आणि तुटत नाही म्हणून वर्ष-वर्ष तशीच राहते. बाप म्हणतो, तार मजबूत निघाली! आमच्या भाचीच्या जुन्या रॅकेटीत हेच झालं होतं. मेलेली पॉलिएस्टर, वर्षभराची.

कोपर दुखायला तार हेच एक कारण असतं, असं आम्ही म्हणत नाही. मुठीचा घेर चुकीचा असतो, फटक्याची पद्धत चुकते, खेळ अति होतो. पण वाढत्या वयाच्या मुलांना कडक पॉलिएस्टर देऊ नये, मऊ, अनेक पदरी नायलॉन द्यावं, ताण थोडा कमी ठेवावा, हे जाणकार वारंवार सांगतात. ते आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचत नाही, कारण ते सांगणारा माणूस म्हणजेच गटिंगवाला, आणि तोच इथे नाही.

शेवटी आम्ही ती फ्रेम घेऊन दौंडहून रेल्वेने पुण्याला गेलो. शिरूरकरांना तर तीही सोय नाही, एसटीने नगर रस्ता धरायचा. दोन्हीकडून अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर. पुण्यातल्या त्या वयस्कर गटिंगवाल्यांनी फ्रेमला हात लावायच्या आधी पोरीला विचारलं, "बाळ, आठवड्यात किती दिवस खेळतेस? दुखतं कुठे? जुनी दाखव बघू." मग म्हणाले, "आठवड्यात जितके दिवस खेळतेस, तितक्या वेळा वर्षात गटिंग बदल. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे."

त्यांनी फ्रेम वजन काट्यावर ठेवली. रिकामी ३०० ग्रॅमची म्हणून विकतात, पण दोन सारख्या फ्रेमांत काही ग्रॅमांचा फरक निघतोच. तारांचे वर सोळा-सतरा ग्रॅम, आणि तोल साधारण सेंटीमीटरभर तोंडाकडे सरकतो. म्हणून तोल तारा घातल्यावर बघायचा. काही खेळाडू तोंडाशी शिशाची पट्टी चिकटवून घेतात. दोन ग्रॅमांनी काय होतं, असं आम्ही विचारलं. ते म्हणाले, "कुऱ्हाड उलटी धरून लाकूड फोडून बघा, मग कळेल." वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, याला मोल जास्त. भाचीला त्यांनी पट्टी लावलीच नाही. "हात अजून वाढतोय, आत्ता नको," म्हणाले. मूठ मात्र एक माप जाड करून दिली. नायलॉनची तार, ५० पौंड. तीन-चार पाऊण तासांत सगळं... नाही, चुकलो, एकाच पाऊण तासात सगळं झालं. बाकीचा वेळ बोलण्यात गेला! तारा पुऱ्या झाल्यावर त्यांनी मशीनचा आकडा पाहिला होता तरी एक तार नखाने छेडली आणि कान लावला.

मंडळी, आमचं सांगणं एवढंच आहे. रॅकेट कारखान्यात पुरी होत नाही, कधीच होत नव्हती. ती दुसऱ्या हाताने पुरी होते, आणि तो हात खेळणाऱ्याला ओळखणारा असावा लागतो. पूर्वी हे ज्ञान छावणीच्या आणि जिमखान्याच्या आसपास होतं. आज ते मोठ्या शहरात आहे. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्याने आपले दोन तालुके जोडलेले आहेत. दोघांत मिळून टेनिसचं एक मशीन आणि ते चालवायला शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी, एवढं झालं तरी खूप झालं. तो दुकानातला मुलगा शिकायला तयार आहे, आम्ही विचारलंय. त्याला गिऱ्हाइकांची खात्री हवी आहे. ती देणं आपल्या हातात आहे, शाळांच्या आणि क्लबांच्या हातात आहे.

दौंड-मनमाड मार्गावरच पुढे श्रीरामपूर लागतं. तिथे जन्मलेल्या ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णांबरोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. त्याच रुळांवरच्या गावांत आणखी मुली असतील. त्यांनी कोपर दुखतं म्हणून खेळ सोडू नये.

घरी जाल तेव्हा कपाटावरची रॅकेट काढा, तार छेडा आणि ऐका. भद्द आवाज आला तर समजा, गटिंगची वेळ झाली.

आता प्रश्न असतील तर विचारा. पापडांच्या प्रेसबद्दलही चालेल.